नोटरीच्या गैरवर्तनाविरुद्ध तक्रार कशी करावी

नोटरीविरुद्धच्या तक्रारी पुष्कळदा पुराव्याअभावी नव्हे, तर चुकीच्या ठिकाणी दिल्यामुळे रखडतात. नोटरी कायदा, १९५२ नुसार नोटरीची नेमणूक केंद्र सरकार किंवा राज्य सरकार करते आणि त्याच्यावर कारवाई करण्याचा अधिकारही नेमणूक करणाऱ्या सरकारकडेच असतो. त्यामुळे सर्वप्रथम दस्तऐवजावरील गोल शिक्का नीट वाचावा. नोटरीचे नाव, कार्यक्षेत्र आणि नोंदणी क्रमांक यांबरोबरच नेमणूक करणाऱ्या सरकारचे नावही त्यावर असणे बंधनकारक आहे. केंद्राने नेमलेल्या नोटरीविरुद्धची तक्रार केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या विधी कार्य विभागाकडे करावी. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या नोटरीविरुद्धची तक्रार राज्याच्या विधी व न्याय विभागाकडे करावी.

नोटरी नियम, १९५६ मधील नियम १३ प्रमाणे तक्रार नमुना क्रमांक १३ मध्येच द्यावी लागते. त्यात कोणती कृती किंवा कसूर झाली आणि तिच्या पुष्ट्यर्थ कोणता तोंडी वा लेखी पुरावा आहे, हे स्पष्ट लिहावे. ‘नोटरीने फसवणूक केली’ एवढ्या मोघम वाक्याने काहीच साधत नाही. उलट तपशील अपुरा असल्यास तक्रार दुरुस्तीसाठी परत येते. तुमच्या गैरहजेरीत तुमच्या नावाचे प्रतिज्ञापत्र साक्षांकित झाले असेल, तर दस्तऐवजाची तारीख, त्यावरील अनुक्रमांक आणि त्या दिवशी तुम्ही अन्यत्र होता हे दाखवणारा कागद, मग तो प्रवासाचे तिकीट असो वा रुग्णालयाची नोंद, सोबत जोडावा.

खरी कसोटी लागते ती नोटरीच्या नोंदवहीवर. प्रत्येक व्यवहाराची नोंद, संबंधित व्यक्तीची सही आणि घेतलेले शुल्क त्या वहीत असायला हवे. जिल्हा न्यायाधीश किंवा सरकारने नेमलेला अधिकारी ती वर्षातून जास्तीत जास्त दोनदा तपासू शकतो. तुम्हाला ती वही सहजासहजी मिळणार नाही, म्हणून चौकशीत ती मागवावी अशी विनंती तक्रारीतच करावी. शुल्काची पावती न देणे हाही नियमभंगच आहे; मात्र माझ्या मते एवढ्याच कारणावरून नोटरीपद जाईल अशी अपेक्षा धरू नये, कारण सरकारच्या नोटरी-यादीतून नाव काढण्यासाठी ते वर्तन नोटरीला व्यवसायास अपात्र ठरवण्याइतके गंभीर असावे लागते.

सरकार साधारणतः ६० दिवसांत तक्रारीची प्रत नोटरीला पाठवते आणि ती मिळाल्यापासून १४ दिवसांत त्याला लेखी बचाव मांडता येतो. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास सक्षम अधिकारी चौकशी करून अहवाल देतो. त्यानंतर व्यवसायाचे प्रमाणपत्र कायमचे रद्द करणे, ठरावीक काळासाठी निलंबित करणे किंवा केवळ ताकीद देणे, हे पर्याय सरकारपुढे असतात.

फौजदारी मार्ग मात्र वाटतो तितका सरळ नाही. नोटरी कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोटरी म्हणून काम करताना घडलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालय केवळ सरकारने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरूनच घेऊ शकते. नोटरी वकीलही असल्यास व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल अधिवक्ता कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे स्वतंत्र तक्रार करता येते. सरकारकडे मात्र नवा मुद्दा नसताना तीच तक्रार पुन्हा दिल्यास ती कारवाईविना दप्तरी दाखल होते, म्हणून उपलब्ध असलेले सगळे कागद पहिल्याच वेळी जोडावेत.