पावसाळ्यातले जंतनाशक: बाटली उघडण्याआधी

पाऊस स्थिरावला की जंतांच्या अळ्या ओल्या गवतावर चढतात आणि चरताना जनावरांच्या पोटात जातात. या दिवसांत जंतनाशकाची आठवण सगळ्यांनाच होते, पण बहुतेक जण गेल्या वेळचीच बाटली पुन्हा आणतात. ते नेहमी लागू पडतेच असे नाही.

अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही एकाच गटातली औषधे जंताच्या पेशीतल्या सूक्ष्मनलिका (पेशीचा आतला सांगाडा) बनू देत नाहीत. त्याला ग्लुकोज घेता येत नाही आणि तो हळूहळू उपाशी मरतो. लेव्हामिसोलने जंताचे स्नायू आखडतात, आयव्हरमेक्टिनने लुळे पडतात. दोन्हींत पकड सुटून तो शेणावाटे बाहेर पडतो. आयव्हरमेक्टिन खरजेवरही चालते, म्हणून ते सगळ्यावर चालते असा समज पसरला आहे. पट्टकृमी (फितीसारखे लांब चपटे जंत) आणि पर्णकृमी (यकृतात राहणारे पानासारखे जंत) यांच्यावर त्याचा काहीच उपयोग नाही. पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल चालते. गोगलगायी असलेल्या पाणथळ जागी जनावरे चरत असतील, तर पर्णकृमीसाठी ऑक्सिक्लोझानाइड किंवा ट्रायक्लाबेंडाझोल. यातले दुसरे कोवळ्या पर्णकृमींनाही मारते.

शेळ्या-मेंढ्यांत खरा घात करतो तो रक्त पिणारा हिमोंकस हा जंत. त्यात हगवण बहुधा नसतेच. खालची पापणी उलटून पाहा: ती पांढुरकी दिसली किंवा जबड्याखाली पाणी भरून सूज आली, तर थांबू नका. मात्र जबड्याखालची सूज पर्णकृमीतही येते, म्हणून लेंड्या तपासून घ्याव्यात.

डोस अंदाजाने नको, वजनावर हवा. कमी डोसातून वाचलेले जंत पुढची पिढी औषधाला न जुमानणारी करतात. शेळीच्या शरीरातून औषध लवकर निघून जाते, त्यामुळे मेंढीचा डोस तिला अनेकदा अपुरा पडतो. पण लेव्हामिसोल थोडे जास्त झाले तरी विषबाधा होऊ शकते, म्हणून डोस पशुवैद्यकानेच ठरवावा. सगळा कळप एकदम पाजण्याची घाईही मला पटत नाही. धडधाकट मोठी जनावरे वगळली, तर औषधाला बळी पडणारे जंतही कुरणात टिकतात आणि प्रतिकार लवकर वाढत नाही.

गाभण जनावराला पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल नको. पाजताना मान फार वर उचलू नका, औषध श्वासनलिकेत जाते. लेबलावरचा दूध न वापरण्याचा काळ पाळा. औषधानंतर दोन आठवड्यांनी शेण पुन्हा तपासा. त्यातली जंतांची अंडी 95 टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील, तर पुढच्या वेळी औषधाचा गटच बदलायला हवा, नुसता ब्रँड नव्हे.