अपुऱ्या सुरुवातीच्या वाटेवर या चुका टाळा

परिपूर्णतेचा हट्ट सोडावा आणि अपुरी का होईना, सुरुवात करावी, हा सल्ला पटतो सर्वांना. मात्र तो अमलात आणताना माणसे ठरावीक ठिकाणीच अडखळतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे निर्मिती आणि तपासणी ही दोन्ही कामे एकाच वेळी करणे. पहिले वाक्य उतरताच ते खोडले जाते, पहिली रेघ ओढताच हात रबराकडे जातो. संपूर्ण रचना अजून समोर नसल्यामुळे कोणता दोष खरोखर दुरुस्त करण्याजोगा आहे हे या टप्प्यावर कळू शकत नाही, आणि जो परिच्छेद शेवटी वगळावाच लागणार आहे त्यातलेच शब्द आपण तासभर बदलत राहतो. म्हणून कच्चा खर्डा पूर्ण होईपर्यंत मागचे वाचू नये. शंका आली तर समासात खूण करून पुढे जावे आणि तपासणी दुसऱ्या दिवसावर ठेवावी. पाश्चात्त्य संगीतकार बीथोव्हनच्या जतन झालेल्या टिपणवह्यांत एकच स्वरवाक्य पुन्हा पुन्हा बदलून लिहिलेले आढळते, पण आधी ते कागदावर उतरले होते म्हणूनच बदलता आले.

दुसरी चूक म्हणजे फसलेला प्रयत्न न पाहताच टाकून देणे. १९६८ मध्ये थ्रीएम कंपनीतील स्पेन्सर सिल्व्हर हे रसायनशास्त्रज्ञ मजबूत गोंदाच्या शोधात असताना त्यांच्या हाती लागला तो हलकेच चिकटणारा आणि सहज सुटणारा पदार्थ. काही वर्षांनी त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना भजनांच्या पुस्तकातून निसटणाऱ्या खुणेच्या चिठ्ठ्यांसाठी तोच उपयोगी वाटला, आणि १९८० मध्ये ‘पोस्ट-इट’ या नावाच्या चिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विक्रीस आल्या. ही कथा बहुधा योगायोगाची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते तिचा गाभा वेगळा आहे: सिल्व्हर यांनी त्या गोंदाचे गुणधर्म नोंदवले आणि उपयोग सापडलेला नसतानाही ते सहकाऱ्यांना त्याविषयी सांगत राहिले. आपणही फसलेल्या प्रयत्नाखाली ‘काय हवे होते’ आणि ‘प्रत्यक्षात काय झाले’ अशा दोन ओळी लिहून तो जपून ठेवावा.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे अपूर्णतेच्या नावाखाली निष्काळजीपणा खपवणे. खर्ड्यातील चुकीचा आकडा क्षम्य असतो, पण लोकांच्या हाती पडलेल्या मजकुरातील नसतो. औषधाची मात्रा किंवा पुलाचे गणित यांत तर ही सवलत मुळीच नाही.

खर्डा कोणाला आणि कधी दाखवावा, हेही अनेकांचे चुकते. मानसशास्त्रज्ञ हेविट आणि फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतावादाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून असलेली अपेक्षा, इतरांकडून असलेली अपेक्षा, आणि इतर आपल्याकडून निर्दोषपणाच मागतात अशी समजूत. या तिसऱ्या प्रकारामुळे खर्डा महिनोन्महिने लपवून ठेवला जातो. अशा वेळी ‘कसे वाटले?’ असा मोघम प्रश्न विचारू नये, कारण त्याच्या उत्तरात कौतुक तरी येते किंवा नापसंती तरी. ‘वाचताना नेमके कुठे थांबावेसे वाटले?’ असे एकाच विश्वासू वाचकाला विचारले, तर दुरुस्तीची नेमकी जागा हाती येते.