स्पेनचा कामिनो चालायचाय? मग आधी हे बघा

कामिनो दे सांतियागो म्हणजे स्पेनमधल्या सांतियागो शहरापर्यंतची पायी यात्रा, तिचा फ्रेंच रूट फ्रान्सच्या बॉर्डरजवळून साधारण 780 किमी आहे, त्याला महिनाभर सुट्टी लागते आणि ती कोण देणार, म्हणून सरळ सारिया गावातून सुरू करा, तिथून सांतियागो 115 किमीच्या आसपास, पाच-सहा दिवसांत होतं. शेवटी सर्टिफिकेट हवं असेल तर किमान 100 किमी पायी चालावं लागतं आणि क्रेदेन्सियालवर, म्हणजे यात्रेकरूच्या पासपोर्टवर, रोज दोन तरी शिक्के हवेत, कॅफेवाले पण मारून देतात. नकाशाचं टेन्शन नको, पिवळे बाण बघत चालायचं.

सॅक आपल्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतच ठेवा, आणि नवे शूज घालून तर अजिबात जाऊ नका राव, आधी इथेच भरपूर चालून ते सैल करून घ्या. सरकारी आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या हॉस्टेलात, बुकिंग नसतं, आधी येईल त्याला बेड, त्यामुळे सीझनमध्ये पहाटेच निघा.

व्हेजवाल्यांनो, तोर्तिया म्हणजे तिथलं बटाट्याचं ऑम्लेट, त्यात अंडं असतं, आणि काल्दो गायेगो नावाचं सूप दिसतं पालेभाजीचं पण त्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं, विचारूनच घ्या. टोमॅटो लावलेला पाव मात्र बिनधास्त खा.