ओरखडे आले म्हणून तेल ओतू नका

मिलमध्ये धातूची पट्टी रोलखाली दाबून पातळ करताना तिच्यावर ओरखडे दिसले की नवा ऑपरेटर तेलाचा ड्रम उघडतो. मीही उघडायचो. बोईसरला फोर-हाय रिव्हर्सिंग मिलवर (एकावर एक चार रोल, पट्टी पुढे-मागे फिरते) १९ वर्षं काढली, त्यावरून सांगतो: ड्रम सगळ्यात शेवटी.

आधी मिल थांबवा, लॉक लावा, फक्त रोलवर इमल्शन (तेल मिसळलेलं पाणी) मारणारा स्प्रे चालू करून टॉर्च मारा. एखादं नोझल तुंबलं की तेवढ्याच जागी रोल तापतो, फुगतो, पट्टी तिथे जास्त दबते आणि लाट येते. नोझल लाकडी काडीने साफ करा. स्टीलची तार घातली तर भोक वाकडं होतं आणि फवारा कायमचा बिघडतो. बदलायचंच असेल तर त्याच नंबरचं, त्याच तिरकस कोनात बसवा, नाहीतर शेजारशेजारचे दोन फवारे एकमेकांवर आपटतात.

मग इमल्शन. आमच्याकडे ५० ते ५५ अंश तापमान आणि ३ टक्के तेल धरायचे. नमुना टाकीच्या वरून घेऊ नका, तिथे साय असते. स्प्रे लाइनचा कॉक थोडा वेळ वाहू द्या, मग १०० मिली भरा. लॅबवाले त्यात आम्ल घालून गरम करतात, तेल सुटून बाटलीच्या मानेत चढतं आणि टक्केवारी वाचता येते.

इथेच मी एकदा फसलो. आकडा ३.२, अगदी छान, तरी प्रत्येक कॉइलवर (गुंडाळलेल्या पट्टीवर) ओरखडे. दोन पाळ्या आम्ही ताजं तेल ओतत बसलो. शेवटी कळलं की मिलच्या हायड्रॉलिकचं सील गळत होतं आणि ते तेल इमल्शनमध्ये मिसळत होतं. ते तेलही मानेत चढतं, आकडा फुगवतं, पण रोलखाली टिकत नाही. तेव्हापासून हायड्रॉलिक टाकीची पातळी रोज खडूने लिहायची सवय लागली. ती उतरली असेल तर लॅबच्या आकड्यावर विसंबू नका. मिल बराच वेळ बंद असेल तर टाकीत वर आलेला तेलाचा थर स्किमरने (वरचं तेल काढणाऱ्या यंत्राने) काढा. थोडं चांगलं तेलही जातं, जाऊ द्या.

जास्त तेलाचाही त्रास आहेच. रोल पट्टीला ओढतो तो घर्षणावरच. पट्टी रोलपेक्षा हळू शिरते, जोरात बाहेर पडते, मध्ये एका रेषेवर दोघांचा वेग जुळतो. घर्षण कमी झालं की ती रेषा बाहेरच्या तोंडाकडे सरकते, आणि फारच कमी झालं तर रोल नुसता घसरतो.

तेल घालायचंच ठरलं तर डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात, ढवळणी चालू ठेवून, बारीक धारेने. तेलात पाणी ओतलं तर लोण्यासारखा गोळा होतो. बोअरचं पाणी नको, त्यातल्या कॅल्शियमने इमल्शन फाटतं.

शेवटच्या पासला (पट्टी रोलमधून शेवटची जाताना) पट्टीवरचं इमल्शन उडवणारा एअर ब्लो पूर्ण उघडा. कॉइलच्या वेटोळ्यांत इमल्शन राहिलं की अ‍ॅनीलिंगमधून (भट्टीत तापवून नरम करण्यातून) कॉइल काळे डाग घेऊन येते, आणि फोन मिलवरच येतो.