तबल्याची थाप उशिरा यायची, त्याची गोष्ट

घरी तबला रेकॉर्ड करताना 'धा' वाजवला की हेडफोनमध्ये क्षणभराने दुसरा 'धा'. वाटलं, लॅपटॉप म्हातारा झाला. दुकानदार तर नव्या मशीनचं कोटेशन घेऊन तयारच!

आधी सेटिंग उघडून पाहिलं. बफर (लॅपटॉप आवाजाचे किती तुकडे साठवून मग एकदम पुढे पाठवतो, ते माप) १०२४ सॅम्पल, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला, सेकंदाला ४८ हजार तुकडे धरून, एका दिशेलाच (आत येताना किंवा बाहेर जाताना) २१ मिलिसेकंद उशीर. १२८ केला, २.७ वर आला. उशीर गेला, पण चरचर सुरू! दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी वाय-फाय बंद केलं, पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर टाकला आणि इंटरफेसची (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याची) वायर हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावली. नेमकं कशाने ते देव जाणे, पण चरचर थांबली. मिक्सिंगला (रेकॉर्ड झालेले आवाज जुळवताना) मात्र बफर परत १०२४ करतो. तेव्हा कुणाला वाजवायचं नसतं, उशीर चालतो.