आईचं हाडांचं इंजेक्शन घरी सुरू करताना

औषधाला बर्फ लागू द्यायचा नाही. बाकी सगळं मागाहून सांगते, हे आधी.

गेल्या वर्षी आईच्या पाठीचा मणका दबला. पाण्याने भरलेली कळशी उचलली, एवढंच निमित्त. डॉक्टरांनी टेरीपॅराटाइड लिहून दिलं. रोज २० मायक्रोग्रॅम, इंजेक्शनच्या पेनने, घरच्या घरी. दुसऱ्याच महिन्यात मावसभावाच्या लग्नाला कोल्हापूरहून मुंबईला जायचं होतं. महालक्ष्मी एक्सप्रेसचा रात्रभराचा प्रवास, म्हणून मी डीप फ्रीझरमधले दोन आईस पॅक काढले, त्यांच्या मधोमध पेन दाबून बसवलं आणि वरून टॉवेल गुंडाळला. औषध गार राहिलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. कल्याणला पिशवी उघडून बघते तर कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनमधल्या औषधाच्या काचेच्या नळीत, बर्फाचे कण. लग्नघरी पोचेपर्यंत ते वितळले, औषध पुन्हा पाण्यासारखं स्वच्छ दिसायला लागलं, आणि तेच मी आईला चार दिवस टोचत राहिले. परत आल्यावर डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी उरलेलं कार्ट्रिज तिथल्या तिथे टाकायला लावलं. ज्या बाईचा मणका आधीच दबलाय, तिचे चार दिवसांचे डोस असे गेले.

पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक ८४ अमिनो आम्लांचं असतं. टेरीपॅराटाइड म्हणजे त्यातला पहिल्या ३४ आम्लांचा तुकडा. इतकी नाजूक साखळी गोठली की रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांची घडण बिघडते, आणि बर्फ वितळला म्हणून ती परत नीट होत नाही. डोळ्यांना मात्र काही दिसत नाही. फसायला होतं ते इथेच. उन्हाने औषध खराब होतं हे सगळ्यांना माहीत असतं. थंडीने होतं हे कोणी सांगत नाही. औषध २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचं, म्हणजे दोनच्या खालीही नाही. एकदा गोठलं की टाकायचं. महाग आहे म्हणून जीव कासावीस होईल, तरी टाकायचं.

औषध आणण्याआधी फ्रीजची जागा ठरवा. आमचा एकदारी जुना फ्रीज आहे. तसाच असेल तर बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे बाद, मागच्या भिंतीला लागून असलेली जागा बाद. दारातला कप्पाही नको, दिवसात वीस वेळा दार उघडतं. मधला कप्पा, पुढची बाजू. खात्री करायची तर त्या जागी रात्रभर वाटीत पाणी ठेवा. सकाळी वर पापुद्रा धरला असेल तर ती जागा औषधाची नाही. एक साधा फ्रीज थर्मामीटर आणा आणि औषध यायच्या आधी दोन दिवस त्यावर लक्ष ठेवा. पेन झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचं, म्हणजे दह्याचं भांडं कुणी त्यावर ठेवत नाही आणि ते सरकून मागच्या भिंतीला टेकत नाही. घरातल्या प्रत्येकाला डबा दाखवून ठेवा. पाहुणे आले की फ्रीज लावायची हौस सगळ्यांनाच येते.

खरेदी. एका वेळी एकाच महिन्याचं औषध घ्या, कारण फ्रीजचं औषध दुकानाबाहेर पडलं की सहसा परत घेत नाहीत. आधी फोन करा, सकाळी जा, मुदतीची तारीख बघा. मेडिकलवाला प्रेमाने बर्फाच्या पिशवीत घालून देईल. तिथेच थांबवा त्याला. बर्फ आणि खोका यांच्यामध्ये कागदाचा जाड थर घालायला सांगा. राजारामपुरीतून घरी यायला मला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यासाठी बर्फात गाडायची गरज नाही. आणि एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तर अजिबात टाकू नका, हातातल्या पिशवीत आणा.

डॉक्टरांना सुरू करण्याआधीच सांगायच्या गोष्टी: पूर्वी कधी हाडांना रेडिएशन दिलं असेल, कॅन्सर झालेला असेल, मुतखडा असेल, रक्तात कॅल्शियम जास्त असेल, हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल, बीपीच्या गोळ्या असतील तर कुठल्या आणि किती वाजता. गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, नावं आठवत बसू नका.

आता टोचणं. हात धुवा, रोज नवी सुई, मांडी किंवा पोट, रोज जागा बदलून. इन्सुलिनवाले थोडा वेळ बाहेर ठेवून मग टोचतात. यात तशी गरज नाही, फ्रीजमधून काढलं की लगेच देता येतं. औषध गढूळ किंवा रंगीत दिसलं तर देऊ नका. बटण पूर्ण दाबून सावकाश पाचपर्यंत मोजा आणि मगच सुई बाहेर काढा. नंतर सुई पेनवरून उतरवून पेन लगेच फ्रीजमध्ये. सुई तशीच ठेवली तर औषध गळतं, आत हवा शिरते. पहिल्या डोसची तारीख डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा. २८ दिवस झाले की तळाशी थोडं उरलेलं दिसलं तरी ते टाकायचं.

चक्कर येणं हा त्रास मी सगळ्यात वर ठेवते. पहिल्या काही डोसनंतर, साधारण चार तासांच्या आत, उठून उभं राहिलं की बीपी एकदम उतरू शकतं. बहुतेकांना ते थोड्या वेळात आपोआप सावरतं, पण हाडं ठिसूळ असलेलं माणूस त्या थोड्या वेळात पडलं तर काय? म्हणून आम्ही रात्री नऊची वेळ ठरवली, झोपायच्या आधीची. त्यातही एक अडचण निघाली. तिसऱ्या रात्री अकराला आई लघवीला म्हणून उठली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. तेव्हापासून पहिले पंधरा दिवस मी तिच्या शेजारी झोपले, खोलीत झिरोचा दिवा, वाटेतलं पायपुसणं उचललेलं. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. आईचं आपलं, ‘अगं, मला काय झालंय, उठू दे की!’ ऐकायचं नाही. बीपीची गोळी आणि इंजेक्शन एकाच वेळी घ्यावं का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पायात गोळे येतात, मळमळतं, सांधे दुखतात, हे होऊ शकतं. पायातल्या गोळ्यांसाठी पोटऱ्या ताणायच्या, पाणी पुरेसं. मळमळीला रात्रीचं जेवण हलकं. आमच्याकडे रविवारी तांबडा-पांढरा रस्सा असतोच, तो दुपारी. टोचलेल्या जागी लाली आली तर दुसऱ्या दिवशी दुसरी मांडी. मात्र मळमळ किंवा उलट्या थांबतच नाहीत, बद्धकोष्ठ, सुस्ती, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं, हे सगळं एकत्र दिसलं तर रक्तात कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. घरगुती उपाय करत बसू नका, फोन करा. अंगावर पित्त उठलं, चेहरा सुजला, श्वास लागला तर सरळ दवाखाना.

कॅल्शियमच्या तपासणीची एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. इंजेक्शननंतर काही तास रक्तातलं कॅल्शियम तात्पुरतं वर जातं, त्यामुळे नमुना शेवटच्या डोसनंतर किमान १६ तासांनी द्यायचा. रात्री नऊला इंजेक्शन आणि सकाळी सातला लॅबवाला, हे चालत नाही. दुपारी एकनंतर बोलवा.

पावसाळा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की आपण सगळेच मोबाइलवर आकडे बघत बसतो. ४३ ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. ३९ ला पोचलं की औषध कुठल्या नातेवाइकाच्या फ्रीजमध्ये न्यायचं ते ठरवून टाका, उंचावरचं घर बघून. नुसती लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका, बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. घाबरून पेन बर्फाच्या कप्प्यात सरकवू नका! लाईट आली की तिथेच गोठेल.

प्रवास. आईस पॅक फ्रीझरमधून काढून बाहेर ठेवा, वरचा पांढरा दहिवर जाऊन पॅकला पाणी सुटलं की मगच वापरा. पेन डब्यात, डबा नॅपकिनमध्ये, पॅक नॅपकिनच्या बाहेर. पेन आणि पॅक एकमेकांना टेकता कामा नयेत. पिशवीत थर्मामीटर घाला आणि रात्रीतून एकदा बघा. हॉटेलच्या छोट्या फ्रीजवर भरवसा नको, त्यातही मागे बर्फ धरतो.

सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत, बाहेर ठळक लिहून. घंटागाडीत सुट्या टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला लागतात. भरलेली बाटली दवाखान्यात देता येते का ते विचारा.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, सांगितलं तसं. डोस चुकला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा, एका दिवसात दोन नाहीत. औषध सहसा २४ महिन्यांपर्यंतच देतात. ते थांबवल्यावर हाडं टिकवायला दुसरं औषध लागतं, नाहीतर कमावलेलं ओसरतं. ते कुठलं, हे शेवटचं कार्ट्रिज उघडायच्या आधीच विचारून घ्या.