पोलिसाची पेन्शन: कागद दोन वर्षं आधी हातात घ्या

पोलिस अधीक्षक कार्यालयाच्या आस्थापना शाखेत मी लिपिक होतो, शेवटी शेवटी पेन्शनचंच टेबल. हवालदार, फौजदार निवृत्तीच्या महिन्यात येऊन विचारायचे, ‘साहेब, माझं झालं का?’ हा प्रश्न दोन वर्षं आधी विचारायचा असतो. नियमाप्रमाणे कार्यालयानेच तयारी सुरू करायची, पण ती करणार कोण? 4 मे 2020 च्या शासन निर्णयाने नवी भरती थांबली. पुढे शिपायांची भरती निघाली. रस्त्यावर माणूस कमी पडला की पेपरात येतं, लिपिकाची खुर्ची रिकामी राहिली तर कुणाला पत्ता लागत नाही. दोन टेबलांचं काम एकाकडे असतं, म्हणून आपली फाइल आपणच हलवायची.

आधी तारीख पाहा. निवृत्ती 58 व्या वर्षी, महिनाअखेरीस. जन्म 1 तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटी. गुरुजींनी 1 जून लावून दिलेले आपल्याकडे पुष्कळ, त्यामुळे 31 मेला हारांची आणि फायलींची एकदमच गर्दी. 30 जूनला निवृत्त होणाऱ्यांनी 1 जुलैची काल्पनिक वेतनवाढ (पगारात नाही, फक्त पेन्शनच्या हिशेबात धरायची) धरली आहे का ते तपासावं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालानंतर राज्यानेही ती मान्य केली आहे.

आता खरी मेख: सेवापुस्तक. साहेबांना अर्ज देऊन ते पानन् पान पाहा. बदलीच्या नोंदी, बढतीची वेतननिश्चिती, निलंबन झालं असेल तर तो काळ कसा धरला त्याचा आदेश, सगळं. प्रत्येक वेतन आयोगाच्या निश्चितीवर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का हवा. तो नसला की पेन्शन मंजूर करणाऱ्या महालेखापाल कार्यालयातून फाइल परत येते (विदर्भ-मराठवाड्याची नागपूरला जाते, बाकीची मुंबईला). पथकाने कधी ‘जादा वेतन दिलं’ म्हणून वसुली काढली तर निमूट सही करू नका. गट क मधल्यांकडून (शिपाई, हवालदार वगैरे) आणि वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये, असं रफिक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली म्हटलं आहे. त्याचा दाखला देऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

रजेचा हिशेब पोलिसाला फार लागतो. मनुष्यबळ नाही म्हणून रजा मिळत नाही, आणि साठलेल्या अर्जित रजेपैकी रोखीकरण, म्हणजे रजेचे पैसे, 300 दिवसांचंच. त्यापुढची बंदोबस्तातच गेली समजा. रजेचा लेखा 300 च्या जवळ आला की गणपती, निवडणुका टाळून आधीच रजा मागत राहा. नकार मिळाला तरी मागा.

उपदानाची (ग्रॅच्युइटीची) कमाल मर्यादा 1 सप्टेंबर 2024 पासून 14 वरून 20 लाख झाली आहे. पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी पैसे घेऊन विकता येतो आणि तो 15 वर्षांनी पूर्ववत होतो. मुलीचं लग्न, घराचं कर्ज अशी नड नसेल तर किती विकायचं हे घरी बसून ठरवा, टेबलापाशी उभ्याने नको. विभागीय चौकशी शिल्लक असेल तर तात्पुरती पेन्शन मिळते, उपदान मात्र अडकतं. म्हणून ती लवकर निकाली काढण्यासाठी अर्ज देत राहा. पोलिस वसाहतीतली खोली, सोसायटीचं कर्ज, किट यांचे ना-देय (काही देणं बाकी नसल्याचे) दाखलेही वेळेत गोळा करा.

1 नोव्हेंबर 2005 ला किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. जाहिरात त्याआधीची असेल तर 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा विकल्प दिला होता. तो भरला असेल तर मंजुरीचा आदेश सेवापुस्तकात चिकटवून घ्या.

आणि वहिनींचं नाव. सेवापुस्तकात माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, असं असेल तर आजच दुरुस्त करा. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी ही धावपळ त्यांना एकटीला करावी लागते.